अकोल्याचा मे महिना आणि घरचा डेस्कटॉप : तापमानाच्या नोंदी

१९ मे २०२४, रविवार

दहावीच्या भूमितीचा धडा आज दुपारी रेकॉर्ड केला, वीस मिनिटांचा. संध्याकाळी लावून पाहिला तर आठव्या मिनिटापासून आवाज पुढे पळतोय आणि फळा मागे राहतोय. ‘समरूप त्रिकोण’ म्हणते तेव्हा पडद्यावर अजून मागच्याच आकृतीवर खडू फिरतोय. रेकॉर्डिंग चालू असताना ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत खाली ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’, म्हणजे व्हिडिओ तयार करण्याचं काम मशीनला झेपत नाही, असं येऊन गेलं असणार. शिकवण्याच्या नादात माझं तिकडे लक्ष गेलं नाही. पूर्ण धडा पुन्हा करावा लागेल. तरी वेळ मोजावा म्हणून तोच व्हिडिओ एक्सपोर्टला, म्हणजे त्याची अंतिम फाइल तयार करायला टाकला. २९ मिनिटं लागली.

मशीन २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेलं. प्रोसेसर इंटेल कोअर आय-५ १०४००, सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे सहा भाग), मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ. सगळे कोअर एकदम कामाला लागले तरी ४.० पर्यंत जातं. सोबत ८ जीबी रॅम, विंडोजसाठी एसएसडी आणि साठवणीला १ टीबीची हार्ड डिस्क. माझ्या कामाला हे पुरून उरायला हवं.

एप्रिलमध्ये दुरुस्तीवाल्याकडे नेलं होतं. त्याने फॉर्मॅट मारला, सहाशे रुपये घेतले आणि ‘मॅडम, मशीन जुनी झाली, आता नवीनच घ्या’ म्हणाला. कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून आत डोकावलंसुद्धा नाही. याचं मला वाईट वाटतं. नवीन मशीनला पस्तीस-चाळीस हजार लागतात. शिकवणीवर चालणाऱ्या घरात ते सहज निघत नाहीत.

रात्री जुनी वही काढली. कोणता धडा कधी केला आणि एक्सपोर्टला किती वेळ लागला, हे मी पहिल्यापासून लिहून ठेवते. वीस मिनिटांच्या धड्याला जानेवारी २०२१ मध्ये १३ मिनिटं, डिसेंबर २०२२ मध्ये १६, डिसेंबर २०२३ मध्ये २२ आणि आज २९. सॉफ्टवेअर तेच, सेटिंग तेच. तीन वर्षं हे आकडे माझ्याच हाताने लिहिलेले, पण एका खाली एक मांडून आज पहिल्यांदा पाहिले.

२० मे, सोमवार

टास्क मॅनेजर उघडा ठेवून तोच व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्टला टाकला. प्रोसेसरचा वापर १०० टक्के, ते ठीकच. पण वेगाच्या रकान्यात सुरुवातीला ४.० दिसलं, मग ३.१, मग २.२, आणि मिनिटभरात १.८ वर येऊन बसलं. मूळ वेगाच्याही खाली. व्हायरस असता तर वापर वाढला असता, वेग असा उतरला नसता. रॅम कमी पडली असती तर डिस्कची धावपळ दिसली असती. तीही नव्हती.

मुलाने एचडब्ल्यूइन्फो टाकून दिलं. त्यात प्रत्येक कोअरचं तापमान दिसतं. काहीही न करता ६४ अंश. एक्सपोर्ट सुरू केल्यावर वीस सेकंदांत १००, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या (तापल्यामुळे वेग उतरवण्याच्या) ओळींपुढे सगळीकडे ‘येस’. भिंतीवरच्या तापमापकात खोली ३८.

या प्रोसेसरची मर्यादाच १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःला लगाम घालतो. वेग उतरवतो, त्याबरोबर व्होल्टेजही उतरवतो, म्हणजे उष्णता कमी तयार होते. जितकी उष्णता बाहेर पडू शकते तितकंच काम करायचं, असा त्याचा हिशोब. माझा प्रोसेसर जुना झालेला नाही आणि बिघडलेलाही नाही. तो जीव वाचवून काम करतोय.

ही सोय पूर्वी सगळ्यांत नव्हती. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, उचलून दाखवला होता. पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला, एएमडीचा अॅथलॉन मात्र जळून गेला. मुलाने तो व्हिडिओ शोधून दाखवला. आज सगळेच प्रोसेसर लगाम घेऊन जन्माला येतात. म्हणून धूर निघत नाही, फक्त माणूस ‘हळू झालाय, हळू झालाय’ म्हणत राहतो.

२१ मे, मंगळवार

ठरवलं की एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर तोच वीस मिनिटांचा व्हिडिओ, दुपारी तीन वाजता. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आजचा बदल जागेचा. आमचं कॉम्प्युटर टेबल सनमायकाचं, खाली कॅबिनेटसाठी कप्पा आणि त्याला दार. धूळ जाऊ नये म्हणून मी ते दार नेहमी लावून ठेवत आले. आतून हात घातला तर मागची फळी तव्यासारखी तापलेली. मागच्या पंख्यातून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुन्हा पुढून आत जात होती. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, “कोंडून ठेवलं त्याले त्या खोक्यात, मंग तापीन नाही तं काय?”

कॅबिनेट बाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर स्टुलावर ठेवलं.
खोली ३८, चिप (म्हणजे प्रोसेसर) १००, वेग २.१, वेळ २५ मिनिटं.

चार मिनिटं वाचली, पण लगाम तसाच आहे.

२२ मे, बुधवार

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली. एका टक्क्याने टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, पूर्ण बंद होतो आणि वेग २.९ च्या वर जात नाही. बऱ्याच जणांनी हा उपाय सांगितला होता. माझ्याकडे काडीचाही उपयोग झाला नाही, २५ मिनिटंच. विचार केल्यावर कारण लक्षात आलं. प्रोसेसर आधीच २.१ वर उतरून बसलेला असताना त्याला २.९ ची मर्यादा घालून काय मिळणार? अडचण उष्णता तयार होण्यात नाही, ती बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. सेटिंग पुन्हा १०० वर.

२४ मे, शुक्रवार

कॅबिनेट उघडलं. आधी वायर काढली आणि बटण दहा सेकंद दाबून धरलं.

डाव्या बाजूचं झाकण सरकवलं आणि काही वेळ नुसती बघत राहिले. प्रोसेसरवरच्या पंख्याची पाती करडी, त्यांच्या कडेला धुळीची झालर. पण खरी गोष्ट पंख्याच्या खाली होती. ब्रशच्या टोकाने पंख्याची कड उचलून आत टॉर्च मारला तर हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमधल्या फटी दिसेचनात. त्यांच्यावर गोधडीचा तुकडा अंथरल्यासारखा एक थर. चिमट्याने एका कोपऱ्यातून ओढला तर अख्खा गोल निघून आला, पंख्याच्या आकाराचा, मधोमध भोक पडलेला, बोटाच्या पेराइतका जाड. उलटा करून पाहिला. पात्यांच्या रेषा त्यावर छापल्यासारख्या उमटल्या होत्या. हातात घेतल्यावर तो धुळीसारखा विस्कटला नाही, नमद्यासारखा एकसंध राहिला. जवळून पाहिलं तर तो कापूस होता.

आमचं घर एमआयडीसीच्या बाजूला आहे. दिवाळीपासून मार्चपर्यंत जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणं) चालतं आणि रुईचे तंतू हवेत असतात. खिडकीच्या जाळीवर, पडद्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर ते आम्हाला रोज दिसतात. कॉम्प्युटरचा पंखा तीच हवा दिवसभर ओढतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. पण नुसता तंतू इतका घट्ट बसत नाही. उन्हाळ्यात आमचा कूलर खिडकीत, आणि टेबल बरोब्बर त्याच्या समोर. तीन उन्हाळे कूलरची ओली हवा सरळ कॅबिनेटवर. बोअरचं पाणी खारं, पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टाच. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो, तोच बारीक थर मला कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवरही दिसला. हिवाळ्यात कापूस जमायचा, उन्हाळ्यात ओल लागून चिकटायचा आणि पुढच्या हिवाळ्यात त्यावर नवा थर. असंच झालं असावं.

साफसफाईला एक इंचाचा कोरा रंगाचा ब्रश आणि शेजारून मागून आणलेला ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं. पॉवर सप्लायला फक्त बाहेरून हवा मारली, तो उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर भरलेले असतात. खाली एका कोपऱ्यात वाळलेली पालही मिळाली.

खोली ३९, चिप १००, वेग ३.०, वेळ १७ मिनिटं.

२९ चे १७, आणि खर्च शून्य. पण आकडा अजून शंभरच आहे.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. पारा कालच ४५ च्या पार गेला. जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं आहे. शिकवणी वर्ग सकाळी १० च्या आधी आणि संध्याकाळी ५ नंतरच घ्यायचे. निर्णय योग्यच आहे, दुपारी एकच्या बॅचची मुलं सायकलने येतात. पण त्या बॅचला आता व्हिडिओच पाठवावे लागतील, आणि रोज एक.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायचा लेप, आणायला टिळक रोडवर गेले. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटलीही मिळाली.

२६ मे, रविवार

आजचं काम हीटसिंक काढण्याचं. त्याला चार कोपऱ्यांत चार पिना, मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवलेल्या. पिना बाणाच्या दिशेने फिरवल्या की सुटतात. तीन फिरवाव्या लागल्या. चौथी हात लावताच वर आली. ती बसलेलीच नव्हती. कधी सुटली कळायला मार्ग नाही. कदाचित २०२२ मध्ये घर बदललं तेव्हा, कॅबिनेट रिक्षातून आडवं आणलं होतं.

हीटसिंक उचलल्यावर त्याचा पुरावाच दिसला. प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवर जुनी पेस्ट तीन बाजूंना दाबून पातळ झालेली आणि चौथ्या कोपऱ्याकडे जाड, वाळलेल्या चुन्यासारखी तडकलेली. नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले.

पेस्टचं काम काय हे मुलाला समजावताना मलाही नीट समजलं. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी एकमेकांवर ठेवल्यावर मध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा असते. हवा म्हणजे उष्णतेचा बांधच. अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता साधारण २३७, हवेची ०.०२६, एककं तीच. पेस्टची चार ते आठच्या आसपास. म्हणजे पेस्ट धातूच्या मानाने काहीच नाही, पण हवेच्या शेकडो पट बरी. म्हणून ती फक्त फटी भरण्यापुरती लावायची. जाड थर दिला तर तिचीच आडकाठी होते.

चष्म्याच्या कापडाला अल्कोहोल लावून दोन्ही पृष्ठभाग पुसले. जुन्या बनियनने पुसू नये, त्याचे धागे राहतात. मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट. हीटसिंक सरळ खाली टेकवला आणि समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या. चार वेळा ‘खट्’ असा आवाज यायला हवा. चौथा आवाज आला तेव्हा मुलगा मोठ्याने म्हणाला, “आई, बसली!” मदरबोर्डच्या मागूनही बोट फिरवून चारही टोकं पूर्ण बाहेर आल्याची खात्री करून घेतली.

खोली ३८, चिप ८८, वेग ३.८, वेळ १४ मिनिटं.

‘येस’चे सगळे ‘नो’ झाले. मी वहीत १४ च्या भोवती गोल काढला. जानेवारी २०२१ चा आकडा १३ होता.

२७ मे, सोमवार

दुपारी एक वाजता दहावीचा निकाल. सकाळपासून फोन. माझ्याकडची सगळी मुलं पास. त्यांच्या गुणपत्रिका याच कॉम्प्युटरवरून काढून दिल्या. मशीनला आज हात लावला नाही.

२८ मे, मंगळवार

नोंदींत नवीन रकाना घातला : चिप खोलीपेक्षा किती वर. रविवारी ८८ वजा ३८ म्हणजे ५०. माझ्या मते हाच आकडा महत्त्वाचा. पंखा फक्त खोलीतली हवा फिरवतो, खोलीपेक्षा थंड हवा तो आणणार कुठून? खोली एक अंशाने तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. पुण्यातल्या बहिणीने तिच्या मशीनवर ७५ अंश येतात म्हणून सांगितलं. तिची खोली २७ ची. म्हणजे फरक ४८. दोघींची मशीन सारखीच ठणठणीत आहेत, फक्त तिच्याकडे ऊन कमी आहे. फरकाचा आकडा पाहिला नसता तर मी उगाच स्वतःच्या मशीनला नावं ठेवली असती.

कॅबिनेटला मागे पंख्याची जागा होती, पंखा नव्हता. १२० मिलिमीटरचा पंखा ४५० रुपयांना आणून बसवला. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या काड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. ती बाजू मागे करायची. उलटा बसला तर बाहेरची हवा मागून आत ढकलली जाईल आणि आतली गरम हवा कुठेच जाणार नाही.

खोली ३९, चिप ८४, फरक ४५, वेग ३.९, वेळ १३ मिनिटं ४० सेकंद.

हार्ड डिस्ककडेही आज पाहिलं. कप्प्यात असताना ती ५४ अंशांवर असायची, आता ४५. अशा डिस्कची वापराची मर्यादा साधारण ६० असते. तीन वर्षांचे सगळे धडे तिच्यावर आहेत, आणि मी दार बंद करून तिला शिजवत होते. आजच सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली.

३० मे, गुरुवार

कूलरचा प्रयोग. कूलर लावून खोली ३९ वरून ३२ वर आली. चिप ८४ वरून ७७. सात अंश खोलीचे, सात चिपचे. फरक ४५ चा ४५. मला हे उत्तर वहीतल्या प्रमेयासारखं सुंदर वाटलं.

पण टेबल आता कूलरच्या समोर नाही, बाजूच्या भिंतीला आहे. ओली हवा खोलीत फिरावी, कॅबिनेटवर नको.

रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र कूलर बंदच ठेवावा लागतो, आवाज येतो. तेव्हा ९९ टक्क्यांचा तो उपाय आता खरा उपयोगी पडला. वाट मोकळी झाल्यावर २.९ चा वेग तो आरामात सांभाळतो. खोली ४०, चिप ६७, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही आणि रेकॉर्डिंगला २.९ पुरतो. गणित साधं आहे. उष्णता वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर ०.८ चा घन, म्हणजे ०.५१२. काम पाचव्या हिश्श्याने कमी, उष्णता निम्म्याने. हे उदाहरण मी पुढच्या वर्षी घातांकाच्या धड्यात घेणार आहे.

२ जून, रविवार

नवतपा संपला. आठ दिवसांत सात धडे. सगळ्यांत आवाज आणि फळा बरोबर.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा लॅपटॉपही ‘खूप हळू झालाय’ म्हणून वर आला. त्या तो गादीवर ठेवून वापरतात आणि हवा घेण्याच्या फटी खाली. गादीवर ९८ अंश, तोच लॅपटॉप दोन वह्यांच्या आधाराने टेबलावर उचलून ठेवला तर ८३. त्याला मी उघडलं नाही. लॅपटॉपचं पोट उघडायला वेगळा हात लागतो. त्यांना लाकडी पाट वापरायला सांगितला.

१४ जुलै, रविवार

पाऊस. खोली २९, चिप ७४. फरक ४५.

१७ नोव्हेंबर, रविवार

जिनिंग सुरू झालं. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चुंबकपट्टीने लावला होता. आज काढून पाहिला. दोन आठवड्यांत त्यावर पांढरी लव धरलेली. नळाखाली धुतला, वाळवला, परत लावला. जाळीमुळे हवा थोडी अडते, फरक ४५ चा ४७ झाला. दोन अंश द्यायला माझी तयारी आहे. आत गोधडी विणली जाण्यापेक्षा ते बरं.

झाकण उघडून हीटसिंकवर टॉर्च मारला. पात्यांमधून आरपार मदरबोर्ड दिसतो.

८ डिसेंबर, रविवार

मे महिन्यात वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं : डिसेंबरात खोली २४ असेल तर चिप ६९ यावी. जाळीचे दोन धरून ७१. आज सकाळी खोली २४, तोच वीस मिनिटांचा व्हिडिओ.

चिप ७१, वेग ४.०, वेळ १३ मिनिटं.

मुलाने वही ओढून घेतली आणि जानेवारी २०२१ च्या १३ पासून आजच्या १३ पर्यंत बाण काढला. सासूबाईंना दाखवायला घेऊन गेला.

जाळी धुण्याची पुढची तारीख : २२ डिसेंबर. पेस्ट पुढच्या उन्हाळ्याआधी, फरक ५० च्या वर गेला तरच.